शिक्षक ‘कायम’ होताना पालकांचं कोण ऐकतं?

1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला आणि राज्यभरच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत दुसरा विषयच उरला नाही. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकांना, ते शिक्षण हक्क कायदा येण्याआधी नोकरीला लागलेले असले तरी, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल, असं न्यायालयाने सांगितलं. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असेल तर दोन वर्षांत परीक्षा पास व्हायची. पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर परीक्षेविना नोकरी पूर्ण करता येईल, पण बढती मिळणार नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला.

या निकालावर शिक्षक संघटना बोलल्या, मंत्री बोलले, वकील बोलले. पालकांना मात्र कुणी काही विचारलं नाही. टीईटीने शिक्षकाची पात्रता कळते. तो वर्गात वेळेवर येतो का, वही तपासतो का, मागे पडलेल्या पोराजवळ बसतो का, हे त्या परीक्षेतून कळत नाही. हे रोज ज्यांच्या घरात कळतं ते म्हणजे आईबाप. मग त्यांना कळलेलं शिक्षकाच्या मूल्यमापनापर्यंत पोचतं का? कायद्यात त्याला वाट आहे का? वाट आहे. अरुंद आहे, आणि बहुतेकांना ती कुठून सुरू होते हेच ठाऊक नसतं.

‘कायम’ होणं म्हणजे काय?

नवा शिक्षक लागला की तो पहिल्या दिवसापासून पक्का नसतो. काही काळ त्याचं काम पाहिलं जातं. या काळाला परिवीक्षा म्हणतात, शाळेत सगळे प्रोबेशनच म्हणतात. महाराष्ट्रात 2000 साली शिक्षण सेवक योजना आली. तेव्हापासून नवा शिक्षक आधी तीन वर्षं मानधनावर शिक्षण सेवक असतो. हे मानधन जानेवारी 2023 पासून प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे. तीन वर्षांची सेवा समाधानकारक झाली की तो नियमित वेतनश्रेणीत जातो.

खाजगी शाळांच्या शिक्षकांना 1977 चा कायदा लागू होतो. त्याचं पूर्ण नाव महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम. बोलताना त्याला ‘एमईपीएस’ म्हणतात. यात एक कलम पालकांनी नीट समजून घ्यावं असं आहे. परिवीक्षेच्या काळात काम किंवा वागणूक समाधानकारक नसेल तर संस्था एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन सेवा संपवू शकते. पण मुदत उलटली आणि कुणीच काही केलं नाही, तर शिक्षक आपोआप कायम झाला असं कायदा मानतो. त्यासाठी समारंभ नाही, परीक्षा नाही, कुणाचं मत घेणं नाही.

शिक्षक एकदा कायम झाला की त्याला काढायचं म्हणजे रीतसर आरोपपत्र, तीन जणांची चौकशी समिती आणि पुढे शाळा न्यायाधिकरणात अपील. हे संरक्षण असायलाच हवं. संस्थाचालकाच्या मर्जीवर ज्याची नोकरी आहे तो शिक्षक संस्थाचालकाच्या पुतण्याला नापास करू शकत नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की शिक्षकाच्या कामाबद्दल सर्वांत मोकळेपणाने पाहता-बोलता येईल असा काळ म्हणजे ही सुरुवातीची तीन वर्षं. आणि नेमक्या याच काळात पालक गप्प असतात, कारण आपल्या मुलाचे सर अजून परिवीक्षेवर आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मोजमाप करतं कोण?

खाजगी शाळेत मुख्याध्यापक. एमईपीएस कायद्याखालच्या 1981 च्या नियमावलीतला 15 वा नियम सांगतो की दर वर्षी प्रत्येक कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहायचा. गोपनीय अहवाल म्हणजे वरिष्ठाने कामाबद्दल लिहिलेला वार्षिक शेरा. प्रतिकूल शेरा असेल तर तो शिक्षकाला लेखी कळवायचा आणि त्याला आपलं म्हणणं मांडू द्यायचं. परिवीक्षेवर असलेल्यांसाठी याच नियमात वेगळी तरतूद आहे: मुख्याध्यापकाने त्यांच्या कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन करायचं आणि त्याची नोंद ठेवायची.

जिल्हा परिषदेच्या शाळेत ही साखळी लांब आहे. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, आणि सगळ्यांत वर मुख्य कार्यकारी अधिकारी. यांतल्या किती जणांनी वर्षभरात त्या वर्गात मागच्या बाकावर बसून पूर्ण तास पाहिलेला असतो? एका केंद्रप्रमुखाकडे अनेक शाळा, त्यात माहिती भरायची, बैठकांना जायचं. शेरा अनेकदा कागद पाहून लिहिला जातो.

या दोन्ही साखळ्यांत पालकाच्या मताला रकाना नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला कायम करण्याआधी योग्य मूल्यमापन व्हावं असं म्हटलंय, आणि त्यासाठी राज्यांनी अनेक निकषांची पद्धत तयार करावी असं सुचवलंय. सहकाऱ्यांचं मत, हजेरी, बांधिलकी, प्रशिक्षणाचे तास, शाळेसाठी आणि समाजासाठी केलेलं काम, असे निकष तिथे मोजलेत. ‘पालकांचं मत’ हे शब्द त्या यादीत नाहीत.

मग पालकांच्या हातात काय आहे?

शिक्षण हक्क कायदा, 2009. याच्या 21 व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आली. विनाअनुदानित शाळा सोडून बाकी प्रत्येक शाळेत ती असायलाच हवी. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या महिला. काम काय? शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष.

2012 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि एक फरक पडला, तो लक्षात ठेवायला हवा. अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांमधली समिती फक्त सल्ला देऊ शकते. जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका अशा सरकारी शाळांमध्ये मात्र तिचे देखरेखीचे अधिकार शाबूत आहेत.

आता 24 वं कलम. त्यात शिक्षकाची कर्तव्यं आहेत: नियमित आणि वेळेवर येणं, ठरलेला अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरज असेल तिथे जादा शिकवणं, आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, प्रगती सांगणं. ही शेवटची गोष्ट शिक्षकाने पालकांवर केलेली मेहरबानी नाही, ते कायद्याने सांगितलेलं काम आहे. ते टाळलं तर सेवा नियमांनुसार कारवाई होऊ शकते, पण आधी शिक्षकाला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. हेही त्याच कलमात लिहिलंय.

केंद्राने या कायद्याखाली केलेल्या नियमांत समितीला शिक्षकांबाबत नेमून दिलेल्या गोष्टी वाचल्या की कायदा करणाऱ्यांनी नीट विचार केला होता हे जाणवतं. शिक्षक वेळेवर येतात का, पालक सभा होतात का, शिक्षक खाजगी शिकवण्या तर घेत नाहीत ना, आणि शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचं ओझं तर नाही ना, एवढं समितीने पाहायचं. अभ्यासक्रम कसा शिकवावा, मुलाची क्षमता कशी जोखावी, हे समितीकडे दिलेलं नाही. पालकाच्या डोळ्यांना दिसेल तेवढंच पालकाच्या हाती दिलंय. माझ्या मते ही वाटणी अगदी बरोबर आहे.

‘आम्ही अडाणी, आम्हाला शिकवण्यातलं काय कळणार?’

एसटीने रोज जाणारा प्रवासी घ्या. ब्रेकचं लायनर किती झिजलंय हे त्याला कळत नाही, त्यासाठी आगारातला मेकॅनिक लागतो. पण गाडी थांब्यावर थांबते की पुढे निघून जाते, सकाळची फेरी आठवड्यातून किती वेळा रद्द होते, हे त्याच्याइतकं आगार व्यवस्थापकालाही माहीत नसतं. पालकाचं तसंच आहे. अपूर्णांक कोणत्या पद्धतीने शिकवावेत यावर त्याने मत देऊ नये. पण मुलगा शाळेत जायला पोट दुखतंय म्हणतो आणि तेही फक्त मंगळवारी-गुरुवारी, ही माहिती त्याच्याशिवाय कुणाकडेच नाही.

शाळेची पायरी न चढलेली आईसुद्धा वहीवर लाल शाईची खूण आहे की नाही हे सांगू शकते. आपलं नाव बाईंना माहीत आहे का, एवढं पोराला विचारू शकते. दुसरीतल्या मुलाला पुस्तक उघडून चार ओळी वाचायला लावल्या तर तो अडखळतोय की वाचतोय, हे ऐकायला शिक्षण लागत नाही.

एका गोष्टीपासून मात्र जपून राहावं, ती म्हणजे गुण. चाचणीत मुलाला कमी गुण पडले यावरून शिक्षक वाईट ठरत नाही. दोन शिक्षकी शाळेत एकच गुरुजी पहिली, दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत सांभाळत असतात. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेलं पोर चार-पाच महिन्यांनी परत येतं. मागच्या वर्षी ज्याला काहीच आलं नव्हतं ते मूल यंदा याच बाईंच्या वर्गात आलंय. एका परीक्षेचा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

नोंद कशी लिहायची

समजा चौथीच्या वर्गाबद्दल दोन पालकांनी शाळेला लिहिलं. हे दोन्ही नमुने आहेत, पण असे कागद ज्यांनी पाहिलेत त्यांना ओळखीचे वाटतील.

पहिला: ‘चौथीचे सर काहीच शिकवत नाहीत. मुलांचं नुकसान होत आहे. तरी त्यांची त्वरित बदली करावी ही विनंती.’

दुसरा: ‘इयत्ता चौथी. माझ्या मुलीच्या गणिताच्या वहीत जुलै आणि ऑगस्टमध्ये सोडवलेली 31 उदाहरणं आहेत, त्यांतली 4 तपासलेली आहेत. हातच्याची वजाबाकी सगळीकडे चुकली आहे, चूक कुठे आहे ते दाखवलेलं नाही. आम्ही पालकांनी मिळून आणखी पाच वह्या पाहिल्या, तीन वह्यांत हेच दिसलं. ऑगस्टमध्ये सर दोन आठवडे मतदार यादीच्या कामावर होते असं कळलं. वजाबाकी पुन्हा कधी घेतली जाईल आणि वह्या कधीपर्यंत तपासल्या जातील हे कळवावं.’

पहिल्या अर्जाचं मुख्याध्यापक काय करणार? फायलीला लावणार. त्यात धरण्यासारखं काही नाही, आणि ‘बदली’ या एका शब्दाने शिक्षक आणि पालक समोरासमोर उभे राहिले. दुसऱ्या अर्जात निकाल दिलेला नाही. तारीख आहे, वही आहे, एकाच मुलीचा प्रश्न आहे की वर्गाचा हे तपासलंय, शिक्षकाची अडचणही नोंदवलीय, आणि उत्तर देता येईल असा प्रश्न विचारलाय. हा कागद केंद्रप्रमुखाच्या हातात पडला तर त्याला वह्या मागवाव्याच लागतील.

मतदार यादीचं ते एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच कामं शिक्षकांना देता येतात असं आहे. 2027 च्या जनगणनेचं काम शिक्षकांकडे असणारच. शिक्षक वर्गात नव्हता, एवढंच लिहिणं अर्धवट आहे. तो कुठे होता, त्याला कुणी पाठवलं होतं, हे विचारल्याशिवाय गैरहजेरीची तक्रार करू नये. आणि या तीन कामांपलीकडचं काम त्याच्या गळ्यात मारलं गेलं असेल, तर तीही नोंद समितीने करायची. ती शिक्षकाच्या बाजूची नोंद असेल.

ही नोंद द्यायची कुठे?

सगळ्यांत आधी त्या शिक्षकालाच. समोर बसून, वही उघडून. बरेच प्रश्न इथेच सुटतात. व्हॉट्सॲप गटावर ‘कोणाकोणाच्या मुलांच्या वह्या तपासल्या नाहीत?’ असं टाकलं की त्या क्षणापासून विषय वहीचा राहत नाही, अब्रूचा होतो.

तिथे काही झालं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखंच.

त्याच्याबरोबर शाळा व्यवस्थापन समिती. समितीची सभा दर महिन्याला व्हायची असते आणि तिचं इतिवृत्त लिहायचं असतं. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात, म्हणजे इतिवृत्ताची वही त्यांच्याकडे. आता बऱ्याच ठिकाणी काय घडतं ते सगळ्यांना माहीत आहे. सभा होतच नाही. वही घरी येते, नाहीतर आई मुलाला सोडायला आली की गेटवरच पुढे केली जाते, ‘ताई, इथे एक सही करा.’ वरचं पान कोरं असतं. पालकांच्या म्हणण्याला कायद्याने दिलेली सर्वांत ताकदवान जागा म्हणजे ते पान, आणि तिथे नंतर जे लिहिलं जाईल त्याखाली आपली सही आधीच झालेली असते. कोऱ्या पानावर सही करायची नाही. एवढं एक पाळलं तरी समितीत पुष्कळ बदल होईल.

इतिवृत्तात विषय नावानिशी आणि तारखेसह लिहायला सांगा. ‘शैक्षणिक प्रगतीबाबत चर्चा झाली’ या ओळीचा काही उपयोग नाही. ‘इयत्ता चौथीच्या गणिताच्या वह्यांची तपासणी पुढील सभेपर्यंत पूर्ण करण्याचे ठरले’ ही ओळ पुढच्या महिन्यात विचारता येते.

शिक्षक परिवीक्षेवर असेल तर या ओळींचं वजन आणखी वाढतं. परिवीक्षेतल्या कामाची नोंद ठेवणं हे मुख्याध्यापकाचं काम आहे, आणि संस्थेने सेवा संपवली तर शिक्षक 30 दिवसांत न्यायाधिकरणात जाऊ शकतो. तिथे ‘काम समाधानकारक नव्हतं’ असं नुसतं म्हणून भागत नाही, नोंद दाखवावी लागते. नोंदच नसेल तर आदेश टिकणं अवघड.

आता हेच उलट बाजूने पाहा. काही संस्था चांगल्या शिक्षकालाही तिसरं वर्ष संपता संपता घरी पाठवतात, कारण जागा नात्यातल्या कुणाला तरी हवी असते. अशा वेळी शिक्षकाच्या हातात काय असतं? पालक सभेच्या इतिवृत्तात ‘बाईंनी मागे पडलेल्या मुलांचा शाळा सुटल्यावर वर्ग घेतला, पालकांनी समाधान व्यक्त केलं’ अशी तारखेसह ओळ असेल, तर ‘काम असमाधानकारक’ म्हणणाऱ्याला तिचं उत्तर द्यावं लागेल. चांगलं काम आपण तोंडी वाखाणतो आणि तक्रार तेवढी लेखी देतो. त्यामुळे फायलीत शिक्षकाबद्दल फक्त वाईटच साठत जातं. शिक्षकांना पालकांच्या अभिप्रायाची धास्ती वाटते ती उगीच नाही.

‘पोरावर राग काढला तर?’

ही भीती खरी आहे. तिला ‘कायदा तुमच्या पाठीशी आहे’ एवढं उत्तर पुरत नाही, कारण वर्गात कायदा बसलेला नसतो, पोर बसलेलं असतं.

म्हणून एकट्याने जाऊ नका. पाच-सहा पालकांनी मिळून एकच कागद दिला की कुणाचंही मूल एकटं पडत नाही. समितीतल्या पालक सदस्यामार्फत विषय मांडला तर तो वर्गाचा विषय म्हणून येतो, त्यात कुठल्या मुलाचं नाव घ्यायची गरज पडत नाही. निनावी पत्राच्या फंदात पडू नये. त्याची पडताळणी करता येत नाही, आणि ते कुणी लिहिलं याचा अंदाज बांधताना भलत्याच मुलावर संशय जातो.

एवढं करूनही मुलाला टोमणे, अपमान, मार सुरू झाला, तर तो मूल्यमापनाचा विषय राहत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने बंदी आहे. मुलाच्या हक्काबाबतची लेखी तक्रार त्याच कायद्याच्या 32 व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडे, करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

लैंगिक त्रासाची नुसती शंका जरी असली तरी या लेखातली एकही पायरी चढत बसू नका. समिती नको, मुख्याध्यापक नको, ‘आधी सरांशी बोलून पाहू’ तर अजिबात नको. थेट पोलीस, किंवा 1098 ही चाइल्डलाइन. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली अशी माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचं बंधन आहे, आणि ते शाळेवरही आहे.

‘गावचं राजकारण शाळेत आणायचंय का?’

हा शिक्षकांचा आक्षेप, आणि तो मी पालकांच्या भीतीइतकाच गंभीरपणे घेते. समितीचा अध्यक्ष कुणाच्या गटाचा, सरपंचाचा मेहुणा सदस्य कसा झाला, गुरुजींनी निवडणुकीत कुणाच्या मांडवाखाली चहा घेतला, यावरून तक्रारी उभ्या राहिलेल्या आहेत. परजिल्ह्यातून आलेली एकटी राहणारी शिक्षिका असेल तर तिच्या शिकवण्यापेक्षा तिच्या राहण्यावरच जास्त बोललं जातं. जात तर कुणी उघड काढत नाही, पण ती असते.

म्हणूनच पालकांना शिक्षकाचं भवितव्य ठरवायचा अधिकार नसावा, असं मला ठामपणे वाटतं. आज तो नाही, आणि ते योग्य आहे. खाजगी शाळेच्या चौकशी समितीत तीन जण असतात: एक संस्थेचा प्रतिनिधी, एक शिक्षकाने निवडलेला कर्मचारी, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला. पालक त्यात नाही. गोपनीय अहवालही पालकाला पाहता येत नाही. तो कर्मचाऱ्याची व्यक्तिगत माहिती आहे आणि व्यापक जनहित असल्याशिवाय माहिती अधिकारात मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितलंय.

पालकाने पाहिलेलं लिहावं, आणि त्याचं वजन किती धरायचं हे ज्याला शिकवण्यातलं कळतं त्याने ठरवावं. नोंद वहीची, हजेरीची, सभेची असेल तर ती तपासता येते. तपासता येईल अशा नोंदीत राजकारण फार काळ टिकत नाही. ‘बाईंचं वागणं बरोबर नाही’ असलं काही आलं, तर ते इतिवृत्तात घेऊ नये असं म्हणणाराही समितीत कुणीतरी पालकच हवा.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनाही क्वचितच माहीत असते. केंद्राच्या आदर्श नियमांत शिक्षकांच्या तक्रारीची पहिली पायरीसुद्धा हीच शाळा व्यवस्थापन समिती आहे. वर्गखोली गळते, पुस्तकं आली नाहीत, चार वर्गांना एकच शिक्षक आहे, हे शिक्षकानेही समितीसमोर मांडायचं आहे.

शिक्षक कायम झालेला असेल तर?

‘आता काय, त्यांना कुणी हात लावू शकत नाही’, असं म्हणून पालक सोडून देतात. हे खरं नाही. कायम झाला म्हणजे मूल्यमापन संपलं असं नाही. गोपनीय अहवाल दर वर्षी असतो. 12 वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनी निवड श्रेणी असते, मुख्याध्यापकपदाची बढती असते. काढून टाकणं हा शेवटचा आणि क्वचितचा उपाय. पालकांना बहुतेक वेळा तो नकोच असतो. त्यांना हवं असतं की वजाबाकी पुन्हा शिकवावी. तेवढं तर एका इतिवृत्ताच्या ओळीने आणि पुढच्या महिन्यातल्या एका प्रश्नानेही होतं.

आमची शाळा विनाअनुदानित आहे

मग समिती नाही. पालक-शिक्षक संघ आहे. 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने खाजगी शाळांत तो स्थापन करणं बंधनकारक केलंय आणि त्याची कार्यकारी समिती पालकांमधून सोडतीने निवडायची असते. पण या कायद्याचा विषय शुल्क आहे. शिक्षकांच्या मूल्यमापनाबद्दल त्यात पालकांना अधिकार नाही.

अशा शाळा वर्षअखेर एक अभिप्रायाचा फॉर्म पाठवतात, पाच चांदण्यांपैकी किती असं विचारणारा. तो भरताना चांदण्यांखालच्या मोकळ्या जागेत तारीख आणि वही लिहा. लाखभर फी भरणारा पालक ‘आम्ही पैसे देतो’ या सुरात बोलायला लागला की सगळा भार शिक्षकावर पडतो, संस्थेवर नाही. तिथल्या शिक्षकाची नोकरी सरकारी शिक्षकापेक्षा कितीतरी कच्ची असते. तारतम्याची गरज तिथे जास्त आहे.

सरकारने काय करावं

कायद्यात मोठा बदल लागत नाही. शिक्षण सेवकाला नियमित करण्याचा प्रस्ताव वर जातो तेव्हा त्याला त्या तीन वर्षांतल्या पालक सभांची आणि समितीच्या सभांची, त्या वर्गाशी संबंधित इतिवृत्तं जोडावीत. अनुकूल, प्रतिकूल, सगळी. शिक्षकाला ती आधी दाखवावीत आणि त्याचा खुलासा शेजारीच असावा. सभाच झाल्या नसतील तर मुख्याध्यापकाने तसं लिहून द्यावं.

आणि दर जूनमध्ये शाळेच्या फलकावर एक ओळ असावी: या वर्षी कोणते शिक्षक परिवीक्षेवर आहेत आणि त्यांची मुदत कोणत्या तारखेला संपते.